वाचकांचे प्रश्न: ॲक्सोलॉटलचं आयुष्य आणि टाकीतलं पाणी

प्रश्न (पुणे): ॲक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो तीन-चार वर्षं जगतो, इतरत्र पंधरा वर्षं वाचलं. खरं काय?

उत्तर: नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं. तीन-चार वर्षांत जातो तो बहुतेकदा गरम पाण्यामुळे किंवा विष्ठेतून पाण्यात साचलेल्या विषारी अमोनियामुळे. सॅलॅमँडरांत दीर्घायुष्य नवलाचं नाही. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात जपानी महाकाय सॅलॅमँडर ५० वर्षांहून अधिक जगला. फ्रान्समध्ये मूलीस इथल्या गुहेतल्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकापासून ओल्म हे गुहेत राहणारे अंध सॅलॅमँडर सांभाळले जातात. तिथल्या नोंदींवरून प्रौढ ओल्मचं सरासरी आयुष्य सुमारे ६८ वर्षं निघालं. हे दोघेही थंड पाण्यातले. ॲक्सोलॉटलही तसाच. मेक्सिको म्हणजे उष्ण देश, असं समजून लोक फसतात. त्याचं मूळ घर असलेलं मेक्सिको सिटीतलं सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे.

प्रश्न (नागपूर): उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, तर भागेल का?

उत्तर: नाही. पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस हवं, २० पर्यंत चालतं. २४ च्या वर काही दिवस राहिलं की तो खाणं सोडतो. पंखा बाष्पीभवनाने पाणी गार करतो, म्हणून विदर्भाच्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो, पण दोन ते चार अंशांपलीकडे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. ३२ चं पाणी २८ वर आणून प्राणी वाचत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर पंखा नावापुरताच. बाटल्यांनी तापमान दिवसभर वरखाली होत राहतं, तो ताण वेगळाच. वीज गेली तर तेवढ्यापुरत्या त्या वापरा.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच प्राण्याची गरज वाढते. उरलेलं अन्न लवकर कुजतं, अमोनिया जास्त विषारी होतो, बुरशीला जोर येतो. म्हणजे एका तापमानातून चार संकटं.

उपाय म्हणजे कॉम्प्रेसरचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. १०० लिटरच्या टाकीला साधारण १/१० अश्वशक्तीचा घ्या. तो गरम हवा बाहेर टाकतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नका; आपलीच उष्णता ओढत बसतो आणि पाणी काही गार होत नाही. टाकीच्या मागे, बाजूंना आणि खाली थर्मोकोल लावलं की त्याचं काम हलकं होतं. परत येणाऱ्या पाण्याची धार काचेकडे वळवा. प्रवाह जोराचा असला की कल्ल्यांचे तुरे पुढे वळतात, शेपटीचं टोक मुडपतं. चिलरचा आणि विजेचा खर्च झेपणार नसेल तर आमचं स्पष्ट मत: हा प्राणी आणू नका.

प्रश्न (ठाणे): आरओचं पाणी चालेल ना? तळाशी रंगीत खडे घालू का?

उत्तर: दोन्ही टाळा. आरओच्या पाण्यात क्षार उरत नाहीत आणि ॲक्सोलॉटलला किंचित कठीण पाणी मानवतं. नळाचं पाणी अँटी-क्लोरीन घालून वापरा. ते फार मृदू असेल तर फिल्टरमध्ये मूठभर पोवळ्याचा चुरा ठेवा. आता खडे. ॲक्सोलॉटल खाताना तोंड उघडून पाणी ओढतो. त्यासोबत खडे पोटात जातात आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू घाला.

प्राणी आणण्याआधी स्पंज फिल्टर लावून रिकामी टाकी चार ते सहा आठवडे मुरू द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. त्यांना खाद्य म्हणून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) घालत राहा. २४ तासांत अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. हे सगळं चिलर सुरू करण्याआधी करा, कारण थंडीत हे जिवाणू फार हळू वाढतात.

मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा गांडूळ द्या, कीटकनाशक न मारलेल्या मातीतलं. गांडूळखतातली तांबडी गांडुळं कडवट स्राव सोडतात, बरेच ॲक्सोलॉटल ती थुंकून टाकतात.

प्रश्न (नाशिक): पाळायला परवाना लागतो का?

उत्तर: ॲक्सोलॉटल साइट्स या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दार्जिलिंगकडचा हिमालयी सॅलॅमँडर मात्र संरक्षित आहे. तो पकडणं हा गुन्हा.

प्रश्न (कोल्हापूर): कल्ल्यांवर कापसासारखं काहीतरी आलंय.

उत्तर: बुरशी. आधी तापमान आणि अमोनिया तपासा, बुरशीचं मूळ तिथेच सापडेल. मग वेगळ्या भांड्यात टाकीइतक्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी घ्या, त्यात लिटरला दोन चहाचे चमचे आयोडीन नसलेलं मीठ विरघळवा आणि प्राण्याला दहा मिनिटं ठेवा, दिवसातून एक-दोनदा. पंधरा मिनिटांपुढे गेलात तर कल्ले भाजतात. तांबं असलेली माशांची औषधं अजिबात घालू नका. तीन-चार दिवसांत फरक पडला नाही किंवा कातडीवर लाल चट्टे दिसले, तर उभयचर प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.