वनवास, घुबड आणि तुमची पहिली बालकादंबरी

तुम्ही बालकादंबरीसाठी सुचवलेली गावाबाहेर काढलेली मुलगी आणि तिचा मित्र होणारं गव्हाणी घुबड ही जोडी मला फार आवडली. लिहाच! फक्त जादूच्या राज्याचा नकाशा, वंशावळ, मंत्रांचे नियम यांत आत्ता अडकू नका. नवे लेखक हमखास तिथेच महिने घालवतात.

आधी ठरवा, हाकलल्यामुळे तिचं नेमकं काय गेलं? 'तिला खूप वाईट वाटलं' एवढ्याने मुलांना काही कळत नाही. लपंडावात तिच्यावर कुणी राज्यसुद्धा येऊ देत नाही, हे लगेच कळतं. शिवाय एखादी कडक अट हवी. पांडवांना १२ वर्षांच्या वनवासानंतर एक वर्ष अज्ञातवास होता, त्यात ओळखले गेले तर पुन्हा वनवास. म्हणून तर विराटाच्या घरी जीव टांगणीला लागतो.

पूर्वग्रह एकट्या दुष्ट पाटलाच्या माथी मारू नका. माया करणारी आजीही घुबडाला अशुभ म्हणू दे, खुद्द मुलीलाही भीती वाटू दे. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान वळवतं. गावाला ती भुताटकी वाटते. मुलीला खरं कारण उमगतं, तिथून मैत्री सुरू करा. पण सावकाश:

- आधी गरज
- मग भांडण
- मग विश्वास

घुबडाने गाव वाचवलं म्हणून गावाने स्वीकारलं, हा शेवट टाळा. उपयोगी पडाल तरच मान, असा अर्थ निघतो.

पुस्तकांची मालिका, आतली चित्रं हे नंतर बघू. पहिली तीन प्रकरणं लिहून एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. ते चुळबुळ करेल तिथे खूण करा.