इंग्लंडमधल्या खेड्यातल्या स्टेशनचं छोटं रेल्वे मॉडेल पहिल्यांदाच बनवताय? हे वाचा

आधी अभिनंदन, विषय भारी निवडलाय! पण इंजिन घ्यायची घाई नको.

१) आधी साल ठरवा. १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यामुळे १९३५ चं स्टेशन आणि १९५५ चं स्टेशन यात रंग, पाट्या, डब्यांवरची नावं सगळंच बदलतं, आणि नवीन लोक नेमकी इथेच खिचडी करतात.

२) मोठं एक्सप्रेस इंजिन दिसायला झकास, पण खेड्याकडे जाणाऱ्या असल्या छोट्या ब्रँच लाईनवर ते कशाला येईल? ग्रेट वेस्टर्न या तिथल्या जुन्या रेल्वे कंपनीचं छोटं टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं) आणि एक ऑटोकोच हा डबा पुरे. त्यात ड्रायव्हर डब्याच्या टोकाला बसूनही गाडी चालवायचा, म्हणजे परतताना इंजिन फिरवून पुढे आणायची कटकटच नाही. डेव्हनमधल्या अ‍ॅशबर्टनचे जुने फोटो बघा, १९५८ ला तिथली प्रवासी गाडी बंद झाली.

३) रूळ कमी टाका. खरी मजा मालधक्क्यावर आहे: कोळशाची वाघीण, दुधाचे कॅन, फावडं घेतलेला एखादा माणूस. प्लॅटफॉर्मवर गर्दी नको हां, दादर नाहीये ते!

सिग्नल, डिजिटल कंट्रोल वगैरे नंतर बघू. डबल-ओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/७६ आकारात) एक फलाट बनवा आणि फोटो टाका.