वाचकांचे प्रश्न: कायद्याचा धाक आणि चार लोकांची लाज

भेदभाव आणि पूर्वग्रह कमी करायला कायदा कितपत उपयोगी पडतो आणि समाजाचा दबाव कितपत, यावर पुणे परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं आमच्या कायदा आणि समाजशास्त्राच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एकमत आहे की कायद्याने मनं बदलत नाहीत. अस्पृश्यता घटनेनेच संपवली, तरी ती गेली का? मग एवढे कायदे हवेत कशाला?
*निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ*

उत्तर: कट्ट्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कायदा मनात शिरत नाही. तो वाईट वागण्याची किंमत वाढवतो आणि बाकीचे लोक काय चालवून घेतील, याचा आपला अंदाज बदलतो. मन मागाहून येतं, बरेचदा एक पिढी उशिरा.

अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये उठवली. पुढच्याच वर्षी गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या पाहणीत अशा लग्नाला मान्यता देणारे जेमतेम 20 टक्के होते. 2021 मध्ये हाच आकडा 94 टक्क्यांवर गेला. लोकमत तयार होईपर्यंत न्यायालय थांबलं नाही. त्याच देशात 2015 मध्ये समलिंगी विवाहाचा निकाल लागला, तेव्हा टँकार्ड आणि पॅलक या मानसशास्त्रज्ञांनी आधी आणि नंतर लोकांची मतं तपासली. स्वतःचं मत फारसं बदललं नव्हतं, पण ‘बाकीच्यांना हे मान्य आहे’ ही समजूत लगेच वाढली होती. कायद्याचा पहिला परिणाम असा शेजाऱ्याबद्दलच्या अंदाजावर होतो.

मात्र नुसता ठराव म्हणजे कायदा नव्हे. मुंबई कायदेमंडळात समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळ्यासाठी तसाच ठराव केला. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 पर्यंत एकाही अस्पृश्याला तिथलं पाणी घेता आलं नाही. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांसह हजारोंनी ते घेतलं, तर मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं आणि नगरपालिकेने ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला 1937 साल उजाडलं. ठराव कागदावर होता, पण तो मोडला तर कोणाला काय होईल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

याउलट पंढरपूर. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केलं, मग मे 1947 मध्ये उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. दबाव आणि कायदा बरोबर आले की कुलूप निघतं. तुमच्या कट्ट्यावरून पर्वती दिसत असेल. 1929 मध्ये तिथल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहींवर याच शहरात दगड पडले होते, हेही एकदा कट्ट्यावर निघू द्या.

प्रश्न: बाणेर भागात भाड्याने फ्लॅट शोधतो आहोत. फोनवर सगळं ठरतं, आडनाव सांगितलं की ‘मालकांनी विचार बदलला’. एका ठिकाणी ‘सोसायटीचा नियम आहे’ असं सांगितलं. याला कायद्याने काही करता येतं का?
*दोघेही नोकरदार, अनुसूचित जातीतले*

उत्तर: करता येतं, पण आधी नकार कोणाचा आहे ते वेगळं काढा: मालकाचा, एजंटचा की सोसायटीचा. तिघांचे मार्ग वेगळे आहेत आणि तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

सोसायटीचं नाव पुढे केलं असेल तर सेक्रेटरींना ई-मेल करून विचारा की असा ठराव कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला झाला. बहुतेक वेळा ठराव नसतोच. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. तरीही अडवलं तर फ्लॅटमालकाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार द्यायची. फ्लॅट विकत घेताना सभासदत्व नाकारलं तर सोसायटीला कारण लेखी द्यावं लागतं आणि तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या. पोच नसेल तर तीन महिने कधीपासून मोजायचे, यावरच वाद अडकतो. एक अडचण आहे. नोंदणीकृत उपविधींतच सभासदत्व एका समाजापुरतं ठेवलेलं असेल तर ते चालतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात दिला. तो अजून आडवा येतो.

मालक किंवा एजंटने नाकारलं असेल तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 काढा. वकीलही हा कायदा विसरलेले असतात. त्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत घर घ्यायला किंवा घरात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. दंडाची रक्कम मात्र हास्यास्पद आहे: 100 ते 500 रुपये. तुमच्या कामाचं कलम 12 आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं, असं न्यायालय धरून चालतं आणि तसं नव्हतं हे समोरच्याला सिद्ध करावं लागतं. 1990 पासून अनुसूचित जातींत बौद्धही येतात. नकार देताना चारचौघांत जातीवरून अपमान केला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 लागतो. त्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, पुणे शहरात सहायक पोलीस आयुक्तांकडे असतो आणि आरोपपत्रासाठी 60 दिवस असतात.

बहुतेक तक्रारी पुराव्यावर फसतात. एजंट ‘आत्ताच गेला हो फ्लॅट’ म्हणतो आणि ते खोटं ठरवायला हातात काही नसतं. म्हणून त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत, वेगळ्या आडनावाच्या मित्राला त्याच फ्लॅटसाठी फोन करायला सांगा. माणसं तेवढीच, पगार तेवढाच, खाणं-पिणं तेच सांगायचं, फरक फक्त आडनावाचा. चार दिवसांनी फोन केला तर फ्लॅट खरंच गेलेला असतो. मित्राने ‘आम्ही दोघंच’ म्हटलं आणि तुम्ही ‘आई-वडीलही येतील’ म्हटलं असेल तर तुलना तिथेच मोडते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले ते याच पद्धतीने. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह घ्या, व्हॉट्सअॅपचं संभाषण फोनमधून पुसू नका आणि तो फोन विकू नका. न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मुस्लिम भाडेकरूंची पत्रंही आली आहेत. त्यांना सरळ सांगायचं तर खाजगी घरमालकाने धर्मावरून नकार दिला तर त्यासाठी थेट केंद्रीय कायदा नाही. एचआयव्हीग्रस्तांसाठी 2017 च्या आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 च्या कायद्यात घर नाकारण्याला स्पष्ट मनाई आहे. म्हणजे कायदा कसा लिहायचा हे संसदेला माहीत आहे.

प्रश्न: चुलतभावाच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं. पंचांनी दंड सांगितला, तो भरला नाही म्हणून लग्नकार्याची आमंत्रणं बंद झाली. कोणी काही लिहून देत नाही. तक्रार कशी करायची?
*हडपसर*

उत्तर: यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा अधिनियम 3 जुलै 2017 पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तो नोंदवू शकतात. वाळीत टाकायला बैठक बोलावणंही यात येतं आणि अशी बैठक होणार असल्याची खबर आधी मिळाली तर जिल्हाधिकारी ती रोखू शकतात. बैठकीची तारीख कानावर आली की लगेच लेखी अर्ज द्या. बैठक झाल्यावर ती ‘नुसती चहापाण्याला’ होती, असं सगळे सांगतात.

पंच लिहून देत नाहीत, हे खरं. पण बहिष्कार अमलात आणायला तो शंभर लोकांना कळवावा लागतो आणि तिथे खुणा राहतात: समाजाच्या ग्रुपवरचा निरोप, वर्गणीची परत आलेली रक्कम, ग्रुपमधून काढल्याची नोंद, दरवर्षी येणारी आणि या वर्षी न आलेली पत्रिका. दंड कोणी रोख मागितला असेल तर तारीख, जागा आणि हजर माणसं त्याच रात्री वहीत लिहा. तक्रारीत ‘समाजाने’ असं मोघम लिहू नका. कोणी, कधी, काय म्हटलं, नावानिशी लिहा.

प्रकरणं ढासळतात ती साक्षीत. न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते आणि घरात दुसरं लग्न निघालं की तडजोडीचा आग्रह घरातूनच सुरू होतो. बहिष्कार हाही सामाजिक दबावच आहे हे विसरू नका. ज्या चार लोकांच्या लाजेने माणूस सुधारतो, त्याच चार लोकांच्या भीतीने तो बिघडतोही. म्हणून त्याला उतारा शक्यतो जातीतलाच लागतो. कंजारभाट समाजातल्या नववधूंच्या कौमार्य चाचणीविरुद्ध 2018 मध्ये आवाज उठला तो त्याच समाजातल्या तरुण-तरुणींकडून. पिंपरीत त्यातल्या काहींना मारहाण झाली, गुन्हा नोंदला गेला आणि पुढच्या वर्षी सरकारला भूमिका घ्यावी लागली. बाहेरच्यांनी हेच म्हटलं असतं तर ‘आमच्यात ढवळाढवळ’ म्हणून ते उडवलं गेलं असतं.

प्रश्न: कंपनीत पूर्वग्रहावर सक्तीचं प्रशिक्षण ठेवायचं आहे. किती तासांचं असावं?
*मनुष्यबळ विभाग, हिंजवडी*

उत्तर: तास मोजण्याआधी सक्ती काढा. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांनी अमेरिकी कंपन्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात सक्तीच्या प्रशिक्षणाने फारसं साधलं नाही, व्यवस्थापकांत काही गटांचं प्रमाण तर उलट घटलं. तोच पैसा निवडपद्धतीवर घाला. पहिल्या चाळणीत अर्जावरचं आडनाव, फोटो, मूळ गाव झाका. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि गुण मुलाखत संपता संपता लिहा, सगळ्या मुलाखती झाल्यावर नको. ‘ओळखीतून आलेला’ उमेदवार याच चाळणीतून जाऊ द्या. पुण्यात खरी गळती तिथे असते.

प्रश्न: मुलीच्या शाळेत आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांवरची मुलं वेगळ्या तुकडीत बसवली आहेत. काही पालकांना तेच बरं वाटतं. आम्हाला पटत नाही, पण मुद्दा कसा मांडायचा?
*पालक, औंध*

उत्तर: नियमांचा मुद्दा आधी: या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी घ्यायचे नाहीत. मुख्याध्यापकांना लेखी विचारा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना.

‘आमच्या मुलांचं नुकसान’ म्हणणाऱ्यांसाठी दिल्लीतला अभ्यास आहे. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तो 2019 मध्ये प्रसिद्ध केला. श्रीमंत शाळांतल्या ज्या मुलांच्या वर्गात गरीब मुलं होती, ती जास्त उदार निघाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला टाळण्याचं प्रमाण कमी झालं. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली, तीही लपवू नका. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या अक्षरक्रमाने पाडलेले होते, त्यामुळे कोणाचा गट कोणाशी हे पालकांच्या हातात नव्हतं. तुमच्या शाळेला हेच सुचवा.

पण शेजारी बसवलं की काम झालं असं नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली, समोरासमोर खेळलेल्यांत परिणाम उलटा झाला. तेव्हा ‘आरटीई विरुद्ध इतर’ असे सामने, नाटकं, स्पर्धा नकोत. आणि या मुलांना वेगळं काढून सहलीचे पैसे वर्गासमोर मागणंही नको. अशा एका प्रसंगात वर्षभराची मेहनत वाया जाते.

प्रश्न: आमच्या 40 फ्लॅटच्या सोसायटीत ‘कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी आहे. बऱ्याच घरांत त्यांचा चहाचा कपही वेगळा असतो. यात कायदा येतो का?
*गृहिणी, सिंहगड रस्ता*

उत्तर: पाटीमागे जात आहे हे दाखवता आलं तरच. नुसत्या ‘कामवाल्या’ शब्दावर कोणतंही कलम नीट बसत नाही आणि घरातल्या कपापर्यंत तर कायदा पोचतच नाही. इथे चार लोकांची लाजच कामाची.

पाटीसाठी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. एक पंचमांश सभासदांची सही लागते, म्हणजे तुमच्याकडे आठ. मागणी आल्यावर सभा महिन्याभरात घ्यावी लागते. पण थेट सभेत विषय काढलात तर हराल. पाटी न पटणारेही बाकीच्यांना ती हवी असेल असं समजून गप्प बसतात. सौदी अरेबियात रियाधमधल्या तरुण पतींची पाहणी झाली होती. बायकोने बाहेर नोकरी करायला बहुतेकांची हरकत नव्हती, पण इतरांपैकी बऱ्याच जणांची असेल असं बहुतेकांना वाटत होतं. खरा आकडा सांगितल्यावर बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवायला तयार होणारे वाढले. म्हणून आधी घरोघरी जाऊन एकेकट्याला विचारा, तेही शक्यतो घरातल्या बाईला. विसाच्या वर होकार आले की आकडा सभेच्या आधी ग्रुपवर टाका, नावं टाकू नका. ‘लिफ्ट खराब होते’ हा आक्षेप येणारच. सामान वाहण्याच्या वेळा ठरवा आणि त्या सगळ्यांना सारख्या ठेवा. कपाचा विषय त्या सभेत काढू नका, नाहीतर पाटीही जाणार नाही.