वाचकांचे प्रश्न : युनिट नेमके कधी जळतात?

प्रश्न : डिचोलीत राहतो. घरात दीड टनाचा एसी, 15 लिटरचा गीझर, विहिरीवर एक एचपीचा पंप. बिलावर महिन्याचे एकूण युनिट तेवढे दिसतात. दिवसातल्या कोणत्या वेळी वीज जास्त जाते, हे घरबसल्या कळेल का?

उत्तर : कळेल. वही, पेन आणि आठवडाभराचा नेम एवढेच लागते. मीटरचे आकडे आलटून पालटून बदलत राहतात. त्यातला 'केडब्ल्यूएच' (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडाच टिपा, आणि दशांशासकट. 'केव्हीएएच' (kVAh) हा वेगळ्या मापाचा आकडा शेजारीच येतो; एकदा हा, एकदा तो टिपला की सगळी वजाबाकी फुकट. छपरावर सोलर असेल तर 'इम्पोर्ट'चा, म्हणजे बाहेरून घेतलेल्या विजेचा, आकडा घ्या. पण दिवसा सोलरची वीज घरातच वापरली जाते, ती या आकड्यात येत नाही.

सकाळी 6, 9, संध्याकाळी 6, रात्री 10 आणि पुन्हा सकाळी 6, अशा वेळा ठेवा. नमुन्यादाखल : 4127.3, 4130.1, 4133.2, 4135.6, 4142.0. वजाबाकी केली की सकाळी 2.8, दिवसभरात 3.1, संध्याकाळी 2.4 आणि रात्री 6.4 युनिट. रात्रच जड दिसते ना? आता तासांनी भागा. सकाळी तासाला 0.93, रात्री 0.8. म्हणजे बिल फुगवतो तो रात्रभर चालणारा एसी, पण एका वेळचा भार सर्वांत जास्त सकाळी, गीझर आणि पंप एकदम चालतात तेव्हा. या दोन गोष्टींचे उपाय वेगळे, म्हणून भागाकार टाळू नका.

वीज गेली असेल तर शेजारी नोंद करा. ती आल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी तासन्‌तास चार्ज होत राहते आणि भलत्याच वेळेला युनिट चढलेले दिसतात.

एकेक उपकरण ओळखायचे तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. त्याच्याजवळ 3200 किंवा असाच आकडा छापलेला असतो : इतक्या लुकलुकी म्हणजे एक युनिट. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर 10 लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा. (पहिली लुकलुक शून्य धरा, एक नव्हे, चूक इथेच होते.) 36,000 ला त्या छापील आकड्याने (इथे 3200) आणि मग सेकंदांनी भागले की किलोवॅट मिळतात. गीझर बंद असताना 45 सेकंद लागले तर 0.25 किलोवॅट, चालू केल्यावर 5 सेकंद, म्हणजे 2.25. फरक 2 किलोवॅट, तो गीझरचा. मधेच फ्रिज सुरू झाला तर मोजणी पुन्हा करा.

प्रश्न : मीटरवरच्या 'एमडी' (मॅक्सिमम डिमांड) या आकड्यावरून वीज जास्त जाण्याची वेळ कळते का?

उत्तर : नाही. ती त्या महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी मागणी, सहसा 30 मिनिटांची. 2 किलोवॅटचा गीझर 15 मिनिटेच चालला तर त्या अर्ध्या तासात त्याचा वाटा 1 किलोवॅटच धरला जातो. मागणी किती झाली ते हा आकडा सांगतो. ती रोज कोणत्या वेळी चढते, ते नाही.

प्रश्न : स्मार्ट मीटर आल्यावर वेळेनुसार दर लागणार, असे ऐकतो. मग काय बदलावे?

उत्तर : केंद्राने जून 2023 मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत तशी दुरुस्ती केली. सौर तासांत, म्हणजे दिवसाच्या 8 तासांत, दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी. जास्त मागणीच्या वेळी घरगुती ग्राहकाला किमान 10 टक्के जास्त. नेमके तास वीज नियामक आयोग ठरवतो. तुम्हाला हे लागू झाले का, ते बिलावर पाहा. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा किंवा त्याहूनही बारीक हिशेब साठवतो. तो आलेख ग्राहकाला दिसलाच पाहिजे, नाहीतर वेळेचा दर लावून उपयोग काय!

दुपारी हलवता येईल ते हलवा : पंप लावून टाकी भरणे, वॉशिंग मशीन, इस्त्री. रात्रीचा एसी हलत नाही. तिथे तापमान 24 वरून 26 करा, एका अंशाला साधारण 6 टक्के वीज वाचते.