वेताळ ऊर्फ फँटमकडे नेमकी कोणती शक्ती होती? तो खरंच अमर होता का?

नाही, अमर वगैरे काही नव्हता, आणि अलौकिक शक्ती तर एकही नव्हती. खरी गंमत तिथेच आहे.

इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आलेला वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झालेली ही चित्रमालिका, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीची. कथेनुसार १५३६ मध्ये समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. एकच तरुण वाचला, किनाऱ्याला लागला, बांदार जमातीच्या बुटक्या लोकांनी त्याला जगवलं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्यायाशी लढू.

तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख, तोच मुखवटा घालतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, चारशे वर्षं हा एकच माणूस फिरतोय! म्हणून नाव पडलं ‘चालतंबोलतं भूत’. आपण वाचतो तो एकविसावा, किट वॉकर.

बाकी भांडवल म्हणजे कसलेलं शरीर, अचूक नेम, दोन पिस्तुलं, पाळलेला लांडगा आणि पांढरा घोडा. उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी. ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर ती कायमची उमटते. डाव्या हातातल्या अंगठीची खूण मात्र अभयाची, ती ज्याला मिळाली त्याच्या वाटेला कुणी जात नाही.

मला विचाराल तर दंतकथा हीच त्याची शक्ती. निम्मे गुंड नाव ऐकूनच गारठायचे.