हजाराच्या आतली नगरपालिका

मागच्या वेळी नेदरलँड्समधल्या सगळ्यांत कमी वस्तीच्या नगरपालिकेचा, स्खीरमोनिकओख या बेटाचा, जाता जाता उल्लेख केला होता. साडेनऊशेच्या आसपास माणसं, गाव एकच. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून आजचं सदर त्यांनाच.

हे नाव नेमकं काय आहे? आणि बेट नकाशात सापडेना. (नाशिक)

'स्खीर' म्हणजे जुन्या भाषेत करडा, 'मोनिक' म्हणजे मठातला साधू, 'ओख' म्हणजे बेट. मध्ययुगात बेट मुख्य भूमीवरच्या क्लारकाम्प मठाच्या ताब्यात होतं आणि तिथल्या सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचे झगे करडे. जीभ वळत नसेल तर नुसतं 'स्खीर' म्हणा, डच माणसंही तेच म्हणतात.

देशाच्या उत्तर टोकाला वॉडन समुद्रात बेटांची ओळ दिसेल. तिच्यात वस्ती असलेली डच बेटं पाच, त्यातलं सर्वांत पूर्वेकडचं हे. प्रांत फ्रिसलंड, पण तिथे जायची फेरीबोट सुटते लाउवर्सओखहून, जे शेजारच्या ख्रोनिंगन प्रांतात येतं. म्हणजे आपल्याच प्रांतातल्या गावाला जायला दुसऱ्या प्रांतातून होडी धरायची!

एवढ्याशा वस्तीला नगरपालिका? आपल्याकडे ही फार तर ग्रामपंचायत झाली असती. (कोल्हापूर)

झाली असतीच. पण डच कायद्यात ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशी उतरंड नाही. एकच प्रकार, 'खमेन्ते'. अॅमस्टरडॅमही खमेन्ते आणि स्खीरही. १८५१ च्या नगरपालिका कायद्यापासून हा एकसारखेपणा चालत आला आहे. वस्तीप्रमाणे बदलते ती सदस्यसंख्या. तीन हजारांपर्यंत वस्ती असेल तर ९ सदस्य, दोन लाखांच्या वर ४५. स्खीरला ९, अॅमस्टरडॅमला ४५. आता हिशेब करा. मतदान भरघोस झालं तरी स्खीरवर एक जागा सत्तर-ऐंशी मतांत पडते. उमेदवाराला प्रत्येक मतदार चेहऱ्याने ठाऊक असतो, आणि मतदारालाही उमेदवार कुणाशी बोलत नाही ते ठाऊक असतं.

सभागृहाने निवडलेले किमान दोन 'वेटहाउडर' रोजचा कारभार बघतात. त्यांना साधारण सभापती म्हणा, पण एक फरक आहे. २००२ पासून वेटहाउडर झालेल्याला सभागृहाची जागा सोडावी लागते. कारभार करणारा आणि त्याला जाब विचारणारा एकच नको, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. मात्र नऊ जणांच्या सभागृहात त्यासाठी माणसं कुठून आणायची, ही अडचणही खरीच.

जबाबदाऱ्या मात्र मोठ्या शहराइतक्याच. जन्मनोंद, पासपोर्ट, बांधकाम परवाने, कचरा, गरजूंना भत्ता, म्हाताऱ्यांची घरगुती मदत. म्हणूनच लहान नगरपालिका एकमेकींत विलीन होत गेल्या. १९०० मध्ये देशात अकराशेहून जास्त होत्या, २०२३ मध्ये ३४२ उरल्या. स्खीर टिकलं, कारण समुद्र. शेजारच्या गावात विलीन करायचं तर शेजारचं गाव तरी हवं ना!

महापौर लोक निवडतात की सभागृह? (ठाणे)

दोन्ही नाही. 'बुर्खमेस्टर'ची नेमणूक राजाच्या सहीने, सहा वर्षांसाठी होते. अर्थात नावाची शिफारस सभागृह करतं आणि ती सहसा मानली जाते. नेमलेला माणूस बाहेरगावचा असणं अगदी नेहमीचं. तो सभागृहाच्या बैठकीत अध्यक्ष असतो, पण तिथे त्याला मत नसतं. खरा अधिकार दिसतो तो कायदा-सुव्यवस्था आणि आपत्तीच्या वेळी. २०१९ च्या जानेवारीत एका महाकाय मालवाहू जहाजावरून वादळात ३४२ कंटेनर समुद्रात पडले. खेळणी, फर्निचर आणि बारीक प्लॅस्टिकचे मणी स्खीरच्या पुळणीवर येऊन पडले, आणि ते वेचायला शेवटी सैनिक आणावे लागले. गंमत म्हणजे जुन्या कायद्यानुसार किनारी गावाचा बुर्खमेस्टर हा वाहून आलेल्या मालाचा अधिकृत राखणदारही असतो.

बेट सरकतं म्हणे. आणि आमच्या कोकणासारखी खार जमीन तिथे आहे का? (दापोली)

तुम्हाला हे बेट समजावणं सोपं आहे, शब्द तुमच्याकडे तयार आहेत. उत्तरेला रुंद पुळण, मग वाळूच्या टेकड्या, दक्षिणेला खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन, आणि त्यापुढे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडा पडणारा मैलोगणती चिखल. तुमची खारबंदिस्तीही आहे. १८६० मध्ये तेव्हाचा बेटमालक बांक याने दक्षिणेला बांध घालून खाजणाची शेतजमीन केली. ती अजून 'बांक्सपोल्डर' म्हणूनच ओळखली जाते आणि तिथे मोजके शेतकरी दुभती गुरं पाळतात.

सरकतंही. पश्चिमेचे वारे आणि प्रवाह वाळू पूर्वेकडे ढकलतात, त्यामुळे पूर्वेचं टोक लांबत गेलं. पश्चिमेकडचं जुनं गाव अठराव्या शतकात समुद्राने आणि वाळूने खाल्लं, म्हणून आजचं गाव आत, नीट सरळ रस्त्यांचं वसवलं आहे. गाव आणि ही पोल्डरची शेतजमीन सोडून जवळजवळ सगळं बेट १९८९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नगरपालिकेची हद्द सुमारे दोनशे चौरस किलोमीटर, पण जमीन त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकी सगळं पाणी!

बांधाची देखभाल मात्र नगरपालिकेकडे नाही. ती फ्रिसलंडच्या जलमंडळाकडे. हे मंडळ वेगळं निवडून येतं आणि स्वतःचा कर घेतं.

अख्खं बेट पूर्वी खासगी होतं म्हणे, खरं का? (पुणे)

हो, १९४५ पर्यंत. स्ताखाउवर घराण्याकडून ते १८५९ मध्ये बांकने घेतलं, १८९३ मध्ये जर्मन काउंट बर्नस्टॉर्फने. दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रूची मालमत्ता म्हणून डच सरकारने जप्त केलं.

पैसा कुठून येतो? (नागपूर)

मोठा वाटा केंद्राच्या नगरपालिका निधीतून. घरपट्टी आहे. शिवाय रात्र काढणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे पर्यटन कर, आणि बेटावर पाहुणे रहिवाशांच्या कित्येक पट येतात.

आम्ही आइंडहोवनला राहतो, भारतीय पासपोर्ट आहे. अशा निवडणुकीत आम्हाला मत आहे का? (आइंडहोवन)

आहे, आणि अनेक मराठी घरांना हे माहीतच नसतं. सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य, वय १८ आणि त्या नगरपालिकेत नोंदलेला पत्ता, एवढं पुरे. वेगळी नावनोंदणी करावी लागत नाही. मतदानाचं पत्र टपालाने घरी येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून देऊ नका, मतदान केंद्रावर ओळखपत्रासोबत तेच दाखवायचं असतं. संसद आणि प्रांताच्या निवडणुकीला मात्र डच नागरिकत्व लागतं.

गाडी घेऊन जाता येईल का? (डोंबिवली)

नाही. पाहुण्यांनी गाडी लाउवर्सओखच्या वाहनतळावर ठेवायची. बोट पाऊण तास घेते, धक्क्यापासून गाव तीनेक किलोमीटर. बस उभी असते, पण सायकल घ्या. वाटेत डाव्या हाताला बांध आणि समोर वारा, तोही बहुतेक तोंडावरच.