वेगळं एनव्हायर्नमेंट करूनही टेस्ट फेल का होतात?

प्रश्न: आमच्या बिल्ड सर्व्हरवर (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारं मशीन) पायथनचे दोन प्रोजेक्ट आहेत, एकाने कुठली लायब्ररी अपग्रेड केली की दुसऱ्याच्या टेस्ट फेल. म्हणून दोघांना वेगळं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट, म्हणजे लायब्ररींचं आपापलं वेगळं फोल्डर, दिलं, पहिल्या स्टेपमधे अ‍ॅक्टिव्हेट पण करतो, तरी तेच. लॅपटॉपवर सगळं पास होतं. आता डॉकरच (प्रोजेक्ट सिस्टमच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) लागणार का?

उत्तर: डॉकरचं नंतर बघू. गोची तुमच्या त्या "पहिल्या स्टेपमधे" मधेच आहे. अ‍ॅक्टिव्हेट काय करतं, तर चालू शेलच्या (कमांड चालवणाऱ्या सेशनच्या) पाथमधे, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीत, त्या एनव्हायर्नमेंटचं बिन फोल्डर पुढे आणून ठेवतं, मुख्य काम एवढंच. आणि बिल्ड चालवणारं जेनकिन्स घ्या नाहीतर गिटहब अ‍ॅक्शन्स, पुढची स्टेप नव्या शेलमधे चालते, तिला आधीचं काही माहीत नसतं, त्यामुळे तुमचं पिप (लायब्ररी इन्स्टॉल करणारं टूल) गपचूप सिस्टमच्या पायथनमधे इन्स्टॉल करत बसतं आणि दोन्ही प्रोजेक्ट परत एकाच जागी. लॅपटॉपवर तुम्ही एकाच टर्मिनलमधे सगळं चालवता, म्हणून तिथे कळतच नाही.

खात्री करायची तर टेस्टच्याच स्टेपमधे पायथनचे सिस.प्रीफिक्स (आत्ताच्या पायथनची जागा) आणि सिस.बेस_प्रीफिक्स (मूळ पायथनची जागा) प्रिंट करा. दोन्ही सारखे आले म्हणजे तुम्ही एनव्हायर्नमेंटच्या बाहेर आहात.

मी तर सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्हेट वापरूच नका म्हणेन. एनव्हायर्नमेंटच्या बिनमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या, पिप आणि पायटेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) दोन्ही त्याच्याच 'डॅश एम' (मॉड्यूल चालवायच्या) फ्लॅगने चालवा. शिवाय पिप_रिक्वायर_व्हर्च्युअलएन्व्ह हे व्हेरिएबल १ करून ठेवा, मग बाहेर इन्स्टॉल करायला गेलं की पिप सरळ नाही म्हणतं. डेबियन लिनक्स १२ पासून सिस्टमचं पिप स्वतःच अडवतं, पण लोक 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' फ्लॅग टाकून मोकळे होतात, नावातच ब्रेक आहे तरी!

एनव्हायर्नमेंट वेगळं झालं म्हणजे व्हर्जन पक्कं झालं असं मात्र नाही. रिक्वायरमेंट्समधे (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) नुसतं नाव लिहिलंत तर इन्स्टॉलच्या दिवशी जे लेटेस्ट असेल ते येणार, आणि तुम्ही ज्याचं नावही लिहिलं नाही अशी आतली डिपेंडन्सी (तुमच्या लायब्ररीला लागणारी लायब्ररी) पण बदलणार. त्यासाठी लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन लिहिलेली) हवी, आणि ती रेपोमधे कमिट केलेली हवी. नोडवाल्यांनी (जावास्क्रिप्टवाल्यांनी, त्यांचं पिप म्हणजे एनपीएम) सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय चालवायचं, ते नोड_मॉड्यूल्स उडवून लॉकप्रमाणेच भरतं आणि पॅकेज.जेसनशी जुळलं नाही तर एरर देऊन थांबतं.

डॉकर लागतं ते पायथनच्या बाहेरच्या गोष्टींसाठी. ओपनएसएसएल, पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी असलं काही सिस्टमचं वापरत असाल तर एनव्हायर्नमेंट त्याला हात लावत नाही. तुमचा प्रॉब्लेम तो वाटत नाही.

प्रश्न: दरवेळी एनव्हायर्नमेंट नव्याने केलं तर बिल्ड स्लो होतं. तेच कॅश करू (साठवून पुढच्या वेळी वापरू) का?

उत्तर: नको, पिपचा डाउनलोड कॅश ठेवा. एनव्हायर्नमेंटमधल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो, दुसऱ्या फोल्डरमधे टाकलंत की ती स्क्रिप्ट एकतर चालत नाही किंवा जुन्याच जागेचं पायथन पकडते, आणि हे दुसरं शोधायला फार वेळ जातो. कॅशच्या की मधे (कॅश ओळखायच्या नावात) लॉक फाइलचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) आणि पायथनचं व्हर्जन दोन्ही घाला.